मॉरिशस : शिरगणती आणि राज्य

राज्य कोणाचेही असो, माणसे मोजल्यावाचून त्याचे चालत नाही. करासाठी, शिध्यासाठी, फौजेसाठी, मतांसाठी मोजणी ही हवीच. पण माणसाला कोणत्या सदरात घातले, ह्यावर त्याच्या पदरात काय पडणार हे ठरत असते. हजेरीपटावर नाव नसलेल्या कामगाराने दिवसभर घाम गाळला तरी पगाराच्या दिवशी तो कामावर नव्हताच असे ठरते. हे ज्याने पाहिले आहे त्याला शिरगणती हा रुक्ष विषय वाटणार नाही. ह्या दृष्टीने एका लहानशा राष्ट्राचा इतिहास मी आपणांपुढे ठेवणार आहे. ते राष्ट्र म्हणजे हिंदी महासागरातील मॉरिशस.

मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरवर हे बेट आहे. रॉड्रिग्ससारखी दूरची बेटे धरूनही त्याचे क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरांच्या थोडे वर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या जेमतेम चौथा हिस्सा. वस्ती सुमारे साडेबारा लाख. ह्या बेटाला मूळचे रहिवासीच नाहीत, ही त्याच्या इतिहासातील पहिली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. १५९८ मध्ये डच आले, १७१० मध्ये ते कायमचे निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतले आणि मादागास्कर व मोझांबिकच्या किनाऱ्यांवरून गुलाम आणून मळे उभे केले. १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकले. पण फ्रेंच मळेवाल्यांची जमीन, भाषा व कायदे त्यांनी तसेच राहू दिले. सारांश, येथे प्रत्येकजण बाहेरून आलेला. फरक एवढाच की, कोणी मालक म्हणून आला आणि कोणी माल म्हणून आणला गेला.

१८३५ मध्ये गुलामगिरी रद्द झाली. त्या वेळी बेटावरील सुमारे ६६ हजार गुलामांची काटेकोर नोंद करण्यात आली. कशासाठी? तर मालकांना भरपाई किती द्यावयाची हे ठरविण्यासाठी! मालकांना वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत लुटली गेली त्यांना एक छदामही मिळाला नाही. उलट आणखी काही वर्षे त्याच मालकांकडे 'उमेदवारी' करण्याची सक्ती झाली. मॉरिशसमधील माणसांची ही मोजदाद मालमत्तेच्या सदरात झाली.

मळ्यांना हात तर हवेच होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलास' जहाजातून कलकत्त्याहून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईस बंदरात उतरले. १९२० पर्यंत असे सुमारे साडेचार लाख लोक आले. बिहारातून सर्वांत अधिक, मद्रास इलाख्यातून त्याखालोखाल आणि मुंबई बंदरातून त्याहून कमी. ह्या शेवटच्यांत आपल्या कोकणातील माणसे होती. त्यांच्या वंशजांमुळेच गणेशचतुर्थीला आज त्या देशात सरकारी सुटी असते. धक्क्यावरच्या दगडी सोळा पायऱ्या चढून मजूर वर आला की त्याला क्रमांक मिळे, आणि पुढे सरकारदरबारी तो त्या क्रमांकानेच ओळखला जाई. मुदत बहुधा पाच वर्षांची, सुरुवातीची मजुरी महिना पाच रुपये व शिधा. एका दिवसाचा खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्याने तर मुदत संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला दाखला जवळ बाळगणे भाग पडले. तो नसला की तुरुंग. १८७१ मध्ये ९,४०१ मजुरांनी आपली गाऱ्हाणी अर्जाद्वारे मांडली. अॅडॉल्फ द प्लेव्हिट्झ ह्या युरोपीय गृहस्थाने तो अर्ज सिद्ध केला म्हणून मळेवाले त्याच्या जिवावर उठले. पण १८७२ मध्ये शाही चौकशी आयोग आला आणि गाऱ्हाण्यांत तथ्य असल्याचे त्याला आढळले.

१८६१ च्या शिरगणतीत बेटावरील तीन लाख दहा हजार लोकांपैकी एक लाख ब्याण्णव हजार हिंदी होते. म्हणजे बहुमत झाले होते. पण राज्य बहुमताचे होते का? १८८५ च्या राज्यघटनेने कायदेमंडळात निवडून आलेले सभासद घेतले, तेव्हा साडेतीन लाखांवर वस्तीच्या बेटात मतदार होते जेमतेम चार हजार! ज्याची मिळकत त्याचे मत. मजुराची गणना 'हात' ह्या सदरात होत होती. 'मत' ह्या सदरात त्याला जागा नव्हती.

हे सदर कोणी बदलले? दयाळू गव्हर्नरांनी नव्हे. १९३६ मध्ये डॉ. मॉरिस क्युरे ह्यांनी मजूर पक्ष स्थापन केला. क्युरे क्रिओल, त्यांचे सहकारी हिंदू, मुसलमान, क्रिओल असे सर्व होते. पुढल्याच वर्षी, ऑगस्ट १९३७ मध्ये, उसाचा भाव कापल्यामुळे लहान शेतकरी व मजूर खवळून उठले. युनियन फ्लाक येथील मळ्यावर गोळीबार होऊन चार माणसे मेली. तो मळा हिंदी मालकाचा होता, हे विसरून चालणार नाही. भाऊबंद म्हणून मालकाने गोळी राखून ठेवली नाही. १९३८ मध्ये गोदीकामगारांचा संप झाला. सरकारने त्यांचे पुढारी एमान्युएल आंकेतिल ह्यांना रॉड्रिग्स बेटावर धाडले. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू आरेल येथे संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चौघांचा बळी गेला. त्यांत अंजलाई कुपेन नावाची गरोदर स्त्री होती. त्या देशातील एका मोठ्या क्रीडांगणास आज तिचे नाव आहे.

ह्या रक्ताची किंमत १९४८ मध्ये अंशतः हाती आली. कोणत्याही एका भाषेत साधे लिहितावाचता येईल त्याला मत, असे ठरले. बासदेव विसुनदयाल ह्यांच्या स्वयंसेवकांनी गावोगावच्या बैठकांतून मजुरांना अक्षर गिरवावयास शिकविले. मतदार बारा हजारांवरून एकदम बहात्तर हजारांच्या घरात गेले. १९५९ ची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली. शिवसागर रामगुलाम ह्यांच्या नेतृत्वाखाली १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि १९९२ मध्ये त्याच तारखेस प्रजासत्ताक.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर दुसराच प्रश्न उभा राहिला होता. हिवतापाचे उच्चाटन झाल्याने मृत्यू घटले, जन्म घटले नाहीत. १९४४ मध्ये चार लाख एकोणीस हजार असलेली वस्ती १९६२ मध्ये सहा लाख ब्याऐंशी हजारांच्या घरात गेली. पुढे नोबेल मिळविलेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड ह्यांनी १९६१ च्या अहवालात ह्या बेटाचे भवितव्य काळवंडलेले रंगविले. टिटमस ह्यांच्या अहवालाने कुटुंबनियोजनाचा आग्रह धरला. पुढे घडले ते निराळे. स्त्रीमागे सरासरी सहाच्या आसपास असलेली अपत्यसंख्या दहाएक वर्षांत तीनाच्या आसपास आली, आणि तीही सक्तीवाचून. कुटुंबनियोजनाच्या संस्था होत्या, कॅथलिक चर्चने आपल्या पद्धतीने हात लावला. पण मुली शाळेत गेल्या, म्हातारपणी सरकारी निवृत्तिवेतन मिळू लागले, आणि १९७० च्या कायद्याने निघालेल्या निर्यात-कारखान्यांत बायकांना रोजगार मिळाला. पोट वाढले की माणूस ओझे होतो, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मात्र त्याच काळात, १९७१ मध्ये, संपांची लाट येताच स्वतंत्र सरकारने आणीबाणी पुकारली व निवडणूक १९७६ पर्यंत लांबविली. मजुरांच्या पक्षाचे राज्य आले म्हणजे मजुरांचे राज्य आले असे नव्हे!

आता राज्यघटनेकडे वळू. संसदेत ६२ सभासद निवडून येतात. वीस मतदारसंघांतून प्रत्येकी तीन, आणि रॉड्रिग्सचे दोन. त्याखेरीज पराभूतांपैकी बरी मते मिळविलेल्या आठांपर्यंत उमेदवारांना जागा देता येतात. ह्यासाठी घटनेने जनतेचे चार भाग केले आहेत : हिंदू, मुसलमान, चिनी व 'सर्वसाधारण लोकसंख्या'. ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या त्याची भरपाई करावयाची. ह्यामागची भीती खरी होती. १९६७ च्या निवडणुकीत ४४ टक्के मते स्वातंत्र्यवाद्यांच्या विरोधी पक्षाला पडली होती, आणि जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईसमध्ये दंगली होऊन इंग्रज पलटण आणावी लागली. ज्याला बुडण्याचे भय वाटते त्याच्या हातातली फळी काढून घेणे शहाणपणाचे नसते. १९८२, १९९५ व २०२४ ह्या तिन्ही वेळी एकाच आघाडीने मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा जिंकल्या. २०२४ मध्ये मुख्य विरोधकांना संसदेत पाऊल टाकता आले ते ह्याच तरतुदीमुळे.

परंतु ह्या फळीला बेडीही जोडलेली आहे. समाजवार नोंद शेवटची झाली ती १९७२ च्या शिरगणतीत. १९८२ मध्ये तो प्रश्नच शिरगणतीतून काढून टाकला. तरीही जागा वाटावयाच्या त्या १९७२ च्याच आकड्यांवर! उमेदवाराने आपला समाज सांगितला नाही तर अर्ज बाद. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने ह्यात हक्कभंग झाल्याचा निर्णय दिला. २०१४ पुरती सवलत देऊन सरकारने वेळ मारून नेली. ज्या माणसाचा आजा क्रिओल व आजी तमिळ आहे त्याने कोणत्या खणात बसावे?

मोजणीने केवढा अन्याय होतो ह्याचा कळस पाहावयाचा असेल तर चागोस बेटांकडे पाहावे. १९६५ मध्ये ब्रिटनने ती मॉरिशसपासून तोडली आणि त्यांतील दिएगो गार्सिया हे बेट अमेरिकेच्या लष्करी तळासाठी दिले. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या तेथील लोकांना १९७३ पर्यंत हुसकून लावले. सबब काय दिली? हे लोक कायमचे रहिवासी नव्हेत, कंत्राटी मजूर आहेत! २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे तोडणे बेकायदा असल्याचे मत दिले. मे २०२५ मध्ये ब्रिटनने बेटांवरील मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर सही केली. 'मजूर' हे सदर 'माणूस' ह्या सदराच्या बाहेर काढले की घरदारही बाहेर काढता येते, ते असे.

आज मॉरिशसची अडचण उलटी आहे. मुले कमी, वृद्ध फार. २०२५ च्या अंदाजपत्रकाने निवृत्तिवेतनाचे वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ वर नेण्याचे जाहीर केले तेव्हा लोक रस्त्यावर आले. कारखान्यांत हात पुरत नाहीत म्हणून बांगलादेश, भारत, नेपाळ येथून मुदतीच्या करारावर कामगार येतात. मुदत संपली की परत. ज्यांचे पणजोबा क्रमांक घेऊन त्या सोळा पायऱ्या चढले, त्यांच्याच देशात आज नवे पाहुणे करारपत्र घेऊन उतरत आहेत. जुन्या धक्क्याला २००६ पासून जागतिक वारशाचा मान आहे आणि तो योग्यच आहे. पण त्या पायऱ्यांचा खरा मान राखावयाचा तर, आज येणाऱ्याला संघटना करण्याचा हक्क व खाड्याचा न्याय्य हिशेब मिळतो की नाही हे पाहिले पाहिजे. मालमत्ता, हात आणि मत ह्या तीन सदरांतून ह्या बेटावरील माणूस लढत लढत पुढे आला. चौथे सदर नागरिकाचे. ते त्या देशात अजून पुरते भरलेले नाही, आणि ते भरण्याचे काम कोणत्याही सरकारने आपण होऊन केल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.