कान राखलेलें यंत्र

समुद्रांत कोसळलेल्या जर्मन वैमानिकांसाठीं बनविलेलें एक बिनतारी यंत्र १९४१ सालीं ब्रिटिशांच्या हातीं लागलें. त्याच धर्तीवर अमेरिकेंत बेंडिक्स कंपनीनें ‘एस्. सी. आर. ५७८’ हें यंत्र तयार केलें. कमरेशीं बारीक अशा त्याच्या आकारामुळें, चित्रकार गिब्सन याच्या चित्रांतील तरुणींवरून, त्याला ‘गिब्सन गर्ल’ हें नांव पडलें. रबरी होडींत बसून तें मांड्यांमध्यें धरावयाचें, पतंगानें किंवा हायड्रोजनच्या फुग्यानें सुमारें ३०० फूट तार आकाशांत चढवावयाची आणि हातानें दांडा फिरवावयाचा, कीं ५०० किलोहर्ट्झवर संकटाची खूण आपोआप जाऊं लागे. परंतु या यंत्राला कान नव्हते. आपली हांक कोणी ऐकली कीं नाहीं, हें दांडा फिरविणाऱ्याला कळत नसे.

ही उणीव पुढें भरून निघाली. व्हिएतनाम युद्धाच्या उत्तरकाळांत अमेरिकन वैमानिकांजवळ असलेलें ‘पी. आर. सी. ९०’ हें यंत्र २४३ मेगाहर्ट्झवर खूणही पाठवी आणि उत्तरही ऐकवी. अशीं यंत्रें आज संग्राहकांकडे आढळतात. त्यांची पाऱ्याची बॅटरी आतां बनत नाहीं. म्हणून तितक्याच व्होल्टचे नवे घट जुळवावे लागतात आणि गंजलेले सांधे साफ करावे लागतात.

परंतु दुरुस्त झालेलें यंत्र पुन्हां हांकही मारूं शकतें, आणि धोका तेथेंच असतो. १९८२ सालापासून ‘कोस्पास-सारसॅट’ योजनेचे उपग्रह १२१.५ व २४३ मेगाहर्ट्झवरील हांका टिपूं लागले. हांक मारणारा कोण, हें मात्र त्या लहरींतून कळत नसे. खरी हांक आणि चुकून सुटलेली हांक सारखीच वाटे. खोट्या हांकांचा भार शोधपथकांवर पडे. अखेर १ फेब्रुवारी २००९ रोजीं उपग्रहांनीं त्या लहरींवरील पहारा थांबविला, आणि स्वतःची ओळख सांगणाऱ्या ४०६ मेगाहर्ट्झच्या यंत्रांकडे तें काम गेलें. तरीहि विमानांतून आणि जमिनीवरून जुन्या लहरींवर अजून कान ठेविला जातो.

म्हणूनच जाणता कारागीर प्रक्षेपक भागाकडे जाणारा वीजपुरवठा कायमचा तोडतो. केवळ कळ बांधून ठेवणें पुरेसें नसतें. बोट घसरलें तरी हांक सुटते. ग्राहक भाग मात्र तो जपतो. असें यंत्र मुकें झालें तरी निकामी होत नाहीं. संकटांत सांपडलेल्याच्या लहरी मोकळ्या ठेवून तें ऐकत राहतें.