'मॉरिस' नावाचा मासा कोठे गेला?

इतिहासात तोतयांची प्रकरणे पुष्कळ. पानिपतानंतर उभा राहिलेला सदाशिवरावभाऊंचा तोतया सर्वपरिचित आहे. आजचे प्रकरण नेमके उलटे: घरचेच पोर, पण शतकभर त्याला कोणी ओळखच देईना.

अठराव्या शतकात वेल्समधील होलिहेडजवळ विल्यम मॉरिस यांना एक चमत्कारिक मासा मिळाला. पानासारखा चपटा, काचेसारखा पारदर्शक, डोके इवलेसे. टॉमस पेनंट यांनी त्याचे नावच 'मॉरिस' ठेवले. शास्त्रीय ग्रंथांत तो 'लेप्टोसेफॅलस मॉरिसाय' झाला. पाठोपाठ असल्या इतर माशांच्याही स्वतंत्र प्रजाती नोंदल्या गेल्या. त्यांपैकी एकातही पक्व जननेंद्रिये आढळत नव्हती, याचा अर्थ मात्र लवकर कोणी लावला नाही.

1864 मध्ये अमेरिकेतील थिओडोर गिल यांनी सुचवले, की हे काँगर माशाचे पिल्लू असावे. (कोकणच्या बाजारात दिसणाऱ्या सापासारख्या वाम माशाचे काँगर हे दूरचे भावंड.) ब्रिटिश म्युझियमच्या आल्बर्ट ग्युंथर यांनी ते पिल्लू मानले, पण वाढ खुंटलेले, कधीही प्रौढ न होणारे. तर्काला साक्षीदार हवा होता. 1886 मध्ये फ्रान्समधील रोस्कोफ येथे ईव्ह दलाज यांनी एक 'मॉरिस' जिवंत पाळला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्याचा काँगर झाला.

नद्यांत वाढणाऱ्या युरोपीय वाम माशाचे कोडे मेसिनात सुटले. तेथील सामुद्रधुनीतले भोवरे खोल पाण्यातील जीव वर आणतात. जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रासी आणि साल्व्हातोरे कालांद्रुच्चो यांनी 'लेप्टोसेफॅलस ब्रेव्हिरोस्ट्रिस'चे रूपांतर टाकीत पाहिलेच, शिवाय त्याच्या अंगावरील स्नायूंचे पट्टेही मोजले. वाढताना हे पिल्लू आखडते, दात गमावते, रंग घेते. परंतु पट्ट्यांची संख्या प्रौढाच्या मणक्यांशी, सुमारे 115 शी, जुळती राहते. कागद जीर्ण झाला तरी मोडीचे वळण लपत नाही, तसेच हे.

श्रेयाचे वळण मात्र बदलले. 1896 मध्ये रॉयल सोसायटीने छापलेल्या इंग्रजी निबंधावर लेखक म्हणून एकट्या ग्रासींचे नाव आहे, आणि त्याच वर्षीचे डार्विन पदकही त्यांनाच मिळाले. पुढे मलेरियाच्या श्रेयावरून रोनाल्ड रॉस यांच्याशी भांडले, ते हेच ग्रासी. कालांद्रुच्चोंचे नाव आज कितीजणांना ठाऊक आहे?

1904 मध्ये फेरो बेटांच्या पश्चिमेस 'थोर' या डॅनिश जहाजाच्या जाळ्यात असेच एक पिल्लू आले. योहानेस श्मिट यांनी ते ओळखले, आणि त्याहून लहान पिल्लांचा माग काढत 1920 च्या दशकात ते सारगासो समुद्रापर्यंत पोहोचले.