पाऊस जमिनीतून कसा येईल? अनिवा बेटावरच्या एका विहिरीची गोष्ट

आजच्या भागाचा हा लिखित अवतार. बोलताना काही गोष्टी घाईत सुटल्या होत्या, त्या इथे जरा नीट मांडल्यात.

आज आपण जाणार आहोत पॅसिफिक महासागरात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला वानुआतू नावाचा देश आहे, अनेक लहान-मोठ्या बेटांचा. 1980 साली तो स्वतंत्र झाला, त्याआधी त्याला न्यू हेब्रिडीज म्हणायचे. त्याच्या दक्षिण टोकाच्या प्रांताचं नाव आहे ताफेआ. हे नाव पाच बेटांच्या आद्याक्षरांवरून बनलंय: तान्ना, अनिवा, फुतुना, एरोमांगो आणि अनेत्यूम. यातलं दुसरं बेट, अनिवा, ही आपली आजची जागा.

अनिवा म्हणजे समुद्रातून वर उचललेला प्रवाळाचा सपाट तुकडा. ढग अडवायला डोंगर नाही, नदी नाही, ओढा नाही. प्रवाळ म्हणजे चाळणीच, पडलेला पाऊस बघता बघता आत जिरतो. मग लोक प्यायचे काय? पावसाचं साठवलेलं पाणी, शहाळ्याचं पाणी, आणि तहान लागली की ऊस चघळायचा. आंघोळ समुद्रात. हे काही अडाणीपण नव्हतं बरं का. पिढ्यानपिढ्या त्या बेटावर माणसं जगली ती याच हिशेबावर.

1866 मध्ये इथे जॉन पेटन नावाचा स्कॉटिश मिशनरी राहायला आला. त्याच्या आधी शेजारच्या अनेत्यूम बेटावरचे ख्रिस्ती शिक्षक इथे येऊन काम करत होते, त्यांची नावं मात्र गोष्टीत क्वचित येतात. पेटन त्याआधी तान्नावर होता. तिथे 1859 मध्ये त्याची पहिली पत्नी आणि तान्हं बाळ दोघंही गेली, आणि 1862 मध्ये त्याला जीव वाचवून पळावं लागलं. अनिवावर आला तेव्हा सोबत दुसरी पत्नी मार्गारेट होती.

पुढची गोष्ट आपल्याला कळते ती मुख्यतः पेटनच्याच आत्मचरित्रातून. म्हणजे कॅमेरा एकाच माणसाच्या हातात आहे. हे डोक्यात ठेवून पुढे चला.

तर झालं असं की पेटनने ठरवलं, विहीर खणायची. त्याने बेटाच्या वृद्ध प्रमुखाला, नामाकेईला, हे सांगितलं. नामाकेई चाटच पडला. पाऊस वरून येतो, जमिनीतून कसा येईल? त्याला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलंय. त्याने काळजीने बजावलंसुद्धा की असलं काही लोकांसमोर बोलू नकोस, पुन्हा तुझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही. आणखी एक भीती होती: खणत खणत तू खाली समुद्रात पडशील आणि शार्क तुला खातील.

हसू येतं ना? पण जरा थांबा. अनिवाच्या माणसाला आपल्या पायाखाली समुद्र आहे हे ठाऊक होतं, आणि ते जवळपास बरोबरच होतं. ते पुढे येईलच.

पेटनने एकट्यानेच कुदळ-फावडं घेऊन सुरुवात केली. उष्ण कटिबंधातलं ऊन, लवकरच दमला. मग त्याने मासे पकडायचे इंग्लंडचे गळ काढले. बेटावर त्यांना फार किंमत. तीन बादल्या माती उपसून टाकली की एक गळ. झाली गर्दी! रोजगार म्हणून बघा किंवा लालूच म्हणून, खड्डा खोल जायला लागला.

साधारण 12 फुटांवर एका रात्री खड्ड्याची एक बाजू कोसळली. आणि इथे नामाकेई जे बोलला ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्याच्या बोलण्याचा मतितार्थ असा: तू आत असतास तर मेला असतास, मग राणीची युद्धनौका आमच्याकडे जाब विचारायला आली असती. तू स्वतःच खाली गेलास यावर कुणी विश्वास ठेवला नसता. शिक्षा आम्हाला झाली असती.

ही भीती हवेतून आली नव्हती. ऑगस्ट 1865 मध्ये, म्हणजे पेटन अनिवावर येण्याच्या वर्षभर आधी, क्युरासोआ नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेने तान्नावर तोफा डागल्या होत्या. मिशनरी आणि व्यापाऱ्यांवर झालेल्या हल्ल्यांची ती शिक्षा होती. आणि त्या मोहिमेत दुभाषा म्हणून कोण होतं? स्वतः पेटन. यावरून त्याच्यावर पुढे खूप टीका झाली, मिशनरी मंडळींतूनही झाली. तान्ना अनिवाच्या अगदी शेजारी. त्यामुळे नामाकेई जेव्हा म्हणतो की तू मेलास तर आम्ही संपलो, तेव्हा तो वेडगळ म्हातारा नसतो. आपल्या माणसांचा जीव मोजणारा प्रमुख असतो.

तरी काम थांबलं नाही. पेटनने आडवा दांडा टाकून कप्पी बसवली. खड्ड्यात उतरायला बेटावरचं कुणीच तयार नव्हतं. तो आत खणायचा, लोक वरून दोर ओढायचे, अनेत्यूमचा शिक्षक देखरेख करायचा. असे दिवसामागून दिवस. 30 फुटांवर माती आणि प्रवाळ ओलसर लागले. पाणी लागणार हे कळलं, पण गोडं की खारं? खारं निघालं तर सगळी मेहनत पाण्यात.

त्याने मधोमध छोटं भोक पाडलं आणि पाणी उसळून वर आलं. गढूळ होतं. त्याने तसंच चाखलं. गोडं होतं! थोडं मचूळ, पण पिण्याजोगं.

गढूळपणा खाली बसल्यावर तो भांडं भरून वर आला. नामाकेईने आधी भांडं हलवून पाहिलं, सांडतं का ते. मग बोट घातलं. मग घोट तोंडात घेतला, घोळवला, गिळला, आणि ओरडला की हा तर पाऊसच आहे! बाकीच्यांना खाली डोकावायचं होतं, पण भीतीही होती. मग त्यांनी हातात हात घालून लांब साखळी केली. पुढच्याने वाकून बघायचं, मग मागे जायचं, की दुसरा पुढे. एकेक करून सगळ्यांनी जमिनीतला पाऊस पाहिला. त्यानंतर किनाऱ्यावरून प्रवाळाचे दगड आणून विहीर बांधून काढली गेली. खोली 34 फूट, वर रुंदी 8 फूट, तळाशी 6 फूट.

आता विज्ञान, थोडक्यात. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. प्रवाळात जिरलेला पाऊस खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, भिंगासारख्या आकारात. ढोबळ नियम असा: गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा 1 मीटर वर असेल, तर खाली सुमारे 40 मीटर गोडं पाणी असू शकतं. 19व्या शतकाच्या शेवटी आणि 20व्या शतकाच्या सुरुवातीला गायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी हे स्वतंत्रपणे मांडलं. म्हणजे पेटन खणत होता तेव्हा या दोघांनी हे सूत्र मांडलेलं नव्हतं. विहिरीतलं पाणी भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतं, हे मात्र त्याने टिपून ठेवलंय. खाली समुद्र होता, नामाकेई म्हणत होता तसाच. फक्त त्यावर गोड्या पाण्याचा एक थर होता.

पण विहिरीचा अर्थ बेटावर वेगळाच लागला. पुढच्या रविवारी नामाकेईने स्वतः प्रवचन दिलं. युक्तिवाद असा: न दिसणारं पाणी जमिनीखाली होतंच, माती हटवल्यावर दिसलं. मग न दिसणारा देवही असेल. त्यानंतर लोकांनी आपल्या देवांच्या मूर्ती आणून दिल्या. काही जाळल्या, काही पुरल्या, काही खोल समुद्रात बुडवल्या. लोकांनी नंतर आपापल्या गावांजवळ आणखी सहा-सात विहिरी खणून पाहिल्या. कुठे कठीण खडक लागला, कुठे खारं पाणी. गोडं पाणी फक्त मिशनच्या विहिरीला, हा लोकांना आणखी एक पुरावा वाटला.

मला पेटनच्या कष्टांवर शंका नाही. तो स्वतः खड्ड्यात उतरला, आणि ते पाणी सगळ्या बेटाने प्यायलं. प्रश्न असा की पाण्यासोबत आणखी काय काय आलं. त्या विहिरीने तहान भागवली, आणि त्याच विहिरीच्या काठावर एका समाजाचे जुने देव संपले. निर्णय बेटावरच्या लोकांनीच घेतला, हेही खरं. आणि शेजारच्या बेटावर तोफा धडाडल्या होत्या, हेही.

बरोबर त्याच काळात, 1868 मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. फुले स्वतः पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, पण त्यांनी धर्म बदलला नाही, आणि पाणी भरायला येणाऱ्याकडून तशी अपेक्षाही ठेवली नाही. पाणी माणसाचा हक्क आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. पाणी देणारा बदल्यात काय मागतो, हा प्रश्न लगेच समोर येतो.

वानुआतूत पाण्याची चिंता आजही आहे. मार्च 2015 मध्ये पॅम चक्रीवादळाने या देशाला झोडपलं, तेव्हा पिण्याच्या पाण्याचेही हाल झाले. समुद्राची पातळी वाढली की सपाट बेटांखालचं ते गोड्या पाण्याचं भिंग पातळ होतं, खारं होतं. जास्त उपसा केला तरी तेच. कोकणात किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना विहीर खारी होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच याच छोट्या देशाने पुढाकार घेऊन हवामानबदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत नेला. जुलै 2025 मध्ये न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. कधीकाळी युद्धनौकेच्या जाबाला घाबरणारी बेटं आता मोठ्या देशांना जाब विचारतायत. यात कुणाच्या उपकारांची भाषा नाही.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावातल्या जुन्या विहिरीची गोष्ट माहीत असेल, कुणी खणली, कुणाला पाणी भरू दिलं, कुणाला नाही, तर आम्हाला जरूर कळवा. आणि घरात आजी-आजोबा असतील तर आज रात्रीच विचारा. भेटू पुढच्या भागात!