खाजणांचे बांध आणि गावकरी

गोव्याच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे कदंबांच्या राजधान्या, देवतांची स्थलांतरे आणि पोर्तुगीजांशी झालेले संघर्ष यांची चर्चा होते, व ती होणे योग्यच आहे. मांडवी व जुवारी या नद्यांच्या काठाने गेलेल्या मातीच्या बांधांकडे मात्र इतिहासलेखकांची दृष्टी क्वचितच वळते. गोव्यातील, विशेषतः तिसवाडी, बारदेश व साष्टी या तालुक्यांतील, सुमारे 18,000 हेक्टर खाजण जमीन या बांधांनी खाऱ्या पाण्यापासून सोडवून घेतली आहे. ही शेते भरतीच्या पातळीहून खाली असल्यामुळे तेथे शेती करणे म्हणजे समुद्राशी दिवसातून दोनदा करार करणे होय.

हा करार फार जुना आहे. कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मा याच्या बांदोडे येथील ताम्रपटात, म्हणजे सहाव्या शतकाच्या सुमारास, बांध घालून व खारे पाणी अडवून खाजण लागवडीस आणण्याचा उल्लेख येतो. पुढे 1526 मध्ये आफोंसु मेशिया याने गावकऱ्यांचे रीतिरिवाज लेखबद्ध केले, त्यातही चौघा पुरुषांनी ओसाड बेट लागवडीस आणल्याची परंपरा नोंदली आहे. गावकरी म्हणजे येथे केवळ गावचे रहिवासी नव्हेत, तर मूळ वसाहतकारांच्या वंशजांची संस्था. पोर्तुगीजांनी तिलाच कोमुनिदाद म्हटले. दा. ध. कोसंबी यांनी 1947 मध्ये जुन्या काबिजादींतील या ग्रामसंस्थेवर निबंध लिहून सह्याद्रिखंडातील कथा इतिहासाच्या कसोटीस लावली. परशुरामाने बाण मारून समुद्र हटविला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. टोपलीभर चिखलाने तो रोज हटविणाऱ्यांची कथा कोणी रचली नाही.

बांधाच्या तोंडाशी मानस असते. त्याच्या लाकडी झडपा भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की आपोआप मिटतात, आणि ओहोटीच्या वेळी आतील पावसाच्या पाण्याच्या जोराने उघडतात. पावसाळ्यात खाऱ्या जमिनीतही तग धरणारे कोरगुट भात पिकते. कापणीनंतर खारे पाणी मुद्दाम आत घेतले की तण मरते आणि मासळी, कोळंबी आत येते. मानसेजवळच्या खोलगट पोंयीत ती साठते व ओहोटीला जाळ्यात सापडते. या मासेमारीची पावणी होई आणि पैसा सामाईक कोशात जाई. त्यातून सरकारसारा व बांधाच्या दुरुस्तीसारखे खर्च भागवून उरलेली रक्कम गावकऱ्यांना जोण म्हणून वाटली जाई. या व्यवस्थेचे मर्म आम्हांस या क्रमात दिसते: आधी बांध, मग वाटणी.

याचा अर्थ गावकरी संस्था म्हणजे रामराज्य होते, असा नाही. सभासदत्व पुरुषवंशाने येई. स्त्रियांना त्यात स्थान नव्हते, आणि प्रत्यक्ष चिखल उपसणाऱ्या कष्टकऱ्यांनाही बहुधा नव्हते. म्हणून 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर 1964 चा कूळकायदा आला आणि 1976 च्या दुरुस्तीने जमीन कसणाऱ्याची झाली, हे न्यायाचेच झाले.

परंतु शेताचे तुकडे कुळांच्या नावे करता येतात, बांधाचे करता येत नाहीत. एकाच्या शेतासमोर पडलेले भगदाड शंभरांची शेते खारवते, आणि मग ती पुन्हा पिकू लागण्यास काही पावसाळे जावे लागतात. ही अडचण ओळखून 1975 मध्ये कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियम झाले व कुळांचे संघ स्थापन होऊ लागले. काही ठिकाणी त्यांनी बांध राखले. अन्यत्र त्यांचे लक्ष पावणीच्या रकमेवर अधिक राहिले, कारण भातापेक्षा कोळंबीला भाव अधिक. मासळीचा मक्ता घेणाऱ्याला मानस अधिक काळ उघडे असलेले परवडते, भात लावणाऱ्याला ते मुळीच परवडत नाही. जुन्या व्यवस्थेतही हा तंटा होताच. फरक एवढाच की, तेव्हा मासळीचा पैसा आणि बांधाचा खर्च एकाच वहीत लिहिला जाई.