लेणं, मडकं आणि श्वास

मागच्या डिसेंबरात रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन आला. तो लातूरला नीटच्या क्लासला आहे. आधी इकडचं-तिकडचं बोलला, मग हळूच म्हणाला, "दादा, टेस्टचा पेपर हातात आला की छातीत धडधडायलंय. रात्री झोप यीना. सर म्हणले ध्यान कर. त्यानं खरंच काही होतं का रे?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण हाच प्रश्न मी दहाएक वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, एमथ्री राहिला होता आणि घरी ते सांगितलं नव्हतं. होस्टेलच्या कॉटवर मांडी घालून, डोळे मिटून मी श्वास बघायला बसलो. दोन मिनिटांत श्वास बाजूला राहिला आणि छातीतली धडधडच मोठ्यानं ऐकू यायला लागली. घाबरून उठलो. 'आपल्याला एवढंही जमत नाही' अशी आणखी एक नापाशी खात्यावर जमा झाली.

त्या दिवाळीत घरी आलो तेव्हा मित्राच्या गाडीवर धाराशिव लेण्यांवर गेलो. गावापासून सातआठ किलोमीटरवर, बालाघाटाच्या डोंगरात. शाळेच्या सहलीत तिथं डबे खाल्ले होते, पण लेण्यांकडे नीट पाहिलं नव्हतं. मधलं मोठं लेणं अजिंठ्याच्या विहारांच्या घडणीचं आहे. मधोमध खांबांचा मंडप, समोर गाभारा आणि भिंतींत ओळीनं खोदलेल्या लहान खोल्या. ही लेणी मुळात बौद्ध आणि पुढे जैन झाली असं बरेच अभ्यासक मानतात, त्यावर वादही आहे. काळ साधारण पाचव्या शतकापासून पुढचा. एका खोलीत मी वाकून शिरलो. एक माणूस बसेल-निजेल एवढी जागा आणि अंधार. मनात आलं, इथं बसणाऱ्यालाही छातीत धडधडत असेल का?

उत्तर बऱ्याच वर्षांनी एका पुस्तकात भेटलं. लेणी खोदायला सुरुवात झाली साधारण त्याच शतकात श्रीलंकेत अनुराधपूरला बुद्धघोष 'विसुद्धिमग्ग' लिहीत होता. त्यात ध्यानाचे चाळीस विषय आहेत आणि माणसांच्या स्वभावाचे सहा प्रकार. कुठल्या स्वभावाला कुठला विषय लागू पडेल, हेही सांगितलंय. त्यात एक 'वितर्कचरित' आहे. म्हणजे ज्याचं मन सतत इकडून तिकडे धावतं, रात्री बेत करतं आणि दिवसा ते मोडतं, असा माणूस. वाचताना मी हसलो, कारण तो मीच होतो. अशा माणसाला बुद्धघोष श्वासावर लक्ष ठेवायला सांगतो. राहायलाही त्याला देखाव्याची मोकळी जागा देऊ नये म्हणतो, कारण देखाव्यानं विचारांना आणखी पाय फुटतात. त्याच्यासाठी झाडीआडची खोल गुहा बरी.

पण एक फरक आहे. त्या गुहेत बसणारा घरदार सोडून आलेला होता. त्याला उद्या पेपर नव्हता, हप्ता नव्हता. त्याला चिंता कमी करून परत कामाला लागायचं नव्हतं, जन्ममरणातूनच सुटायचं होतं. आणि त्याच्या शेजारच्या खोलीत गुरू होता.

आमच्याच जिल्ह्यातलं दुसरं ठिकाण म्हणजे तेर. जुनं नाव तगर. इथून भडोचच्या बंदराकडे कापड जात असल्याची नोंद पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस'मध्ये आहे. पण आम्हाला तेर माहीत आहे ते गोरोबाकाकांचं. तेराव्या शतकातला हा कुंभार नामात इतका बुडाला, की पायाखालच्या चिखलात स्वतःचं रांगतं लेकरू आलं तेही त्याला कळलं नाही, अशी कथा आहे. लहानपणी ती ऐकताना मला भक्ती वगैरे काही दिसायची नाही, फक्त त्या आईचं पाणी घेऊन परत येणं दिसायचं. शेवटी विठ्ठल लेकरू परत देतो, पण एकाग्रता म्हणजे शांती असं समीकरण ही कथा मांडत नाही.

गोरोबाकाकांची दुसरी कथा परीक्षेची. त्यांनी थापटण्यानं संतांची डोकी थोपटून पाहिली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. अपमान गिळून नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, शिकले. एमथ्रीच्या दिवसांत ही गोष्ट मला फार धीर द्यायची. कच्चं मडकं कुणी फोडून टाकत नाही, ते भट्टीत जायचं राहिलेलं असतं.

मग परीक्षा देणाऱ्या, नोकरी करणाऱ्या साध्या माणसानं दहा दिवस रजा टाकून ध्यान शिकावं, ही कल्पना कुठली? मी ती हजारो वर्षांची समजत होतो. तिचा आजचा चेहरा मात्र जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे आणि तो एका पराभवातून घडला. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं. ब्रह्मदेशाचा राजा थिबा कैद होऊन आपल्या रत्नागिरीला आला आणि १९१६ मध्ये तिथंच वारला. तिकडे राजाश्रय गेल्यावर धर्म बुडेल अशी भीती पसरली. ती हेरून लेडी सयाडो (१८४६–१९२३) या भिक्खूंनी ठरवलं, की शिकवण मठात कोंडून न ठेवता ती गृहस्थांच्या हाती द्यायची. त्यांच्या परंपरेत सया तेजी हे शेतकरी शिकवू लागले. त्यांच्याकडे ऊ बा खिन शिकले, जे पुढे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले.

ऊ बा खिन यांच्याकडे १९५५ मध्ये सत्यनारायण गोएंका आले. मंडालेत जन्मलेले, मारवाडी घरातले व्यापारी. त्यांना भयंकर अर्धशिशी होती, परदेशातले उपचारही थकले होते. गोएंका स्वतः सांगत, की फक्त डोकेदुखीसाठी येत असाल तर येऊ नका, असं गुरूंनी बजावलं होतं. एवढ्या मोठ्या गोष्टीची किंमत एवढी कमी करायची नव्हती. पुढे १९६९ मध्ये गोएंका भारतात आले, जुलैत मुंबईत पहिलं शिबिर झालं आणि १९७६ पासून इगतपुरीत शिबिरं सुरू झाली. राजा कैदी होऊन कोकणात आला होता, त्याच्या हरण्यातून घराघरांत गेलेली विद्या नव्वद वर्षांनी घाटमाथ्यावर स्थिरावली.

तीन वर्षांनी, १९७९ मध्ये, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. ऊ बा खिन ज्यासाठी येऊ नका म्हणाले होते, नेमकं त्यासाठीच तिथं लोकांना बोलावलं गेलं. आज मोबाइलमधलं दहा मिनिटांचं ध्यान त्या वाटेनं आपल्याकडे परत आलंय. गुरू, शेजारची खोली, नियम हे सगळं वाटेत गळून पडलं. राहिला तो श्वास, आणि एकटा पोरगा.

माझं गणित तिथंच चुकलं होतं, असं आता वाटतं. त्या वेळी कॉलेजातल्या समुपदेशक मॅडमनी मला सांगितलं, "डोळे उघडे ठेव. पाय जमिनीला टेकलेत ते बघ. तीन मिनिटं पुरे. आणि आधी घरी फोन कर." श्वासाआधी फोन केला. पप्पा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "एकच राहिलाय ना? निघल." त्या रात्री झोप लागली. श्वासाकडे बघायला मी त्यानंतर शिकलो, आणि कामाच्या धबडग्यात अजूनही दहा मिनिटं बसतो. धडधड गेली नाही, पण ती आली की पळावंसं वाटत नाही. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी दहा दिवसांच्या शिबिराला येऊ नये असं विपश्यना केंद्रं स्वतःच सांगतात. हे औषध सगळ्यांना सारखं नाही, बुद्धघोषानं तर त्याचे चाळीस विषय केले होते.

यातलं बरंचसं त्या रात्री मला सांगता आलं नाही. मी मावसभावाला विचारलं, "मावशीला सांगितलंस का?"

"नाही."

"मग आधी ते. ध्यान उद्या शिकवतो, व्हिडिओ कॉलवर. आपण दोघं बसू."

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. नुसता श्वास ऐकू येत होता.