तळटीप : मंत्राचा नेम, वस्तू आणि तिचे भाग

* 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) वस्तू म्हणजे सुटी, निर्जीव चीज : दार, खिडकी, तलवार, पुस्तक. अनेक वस्तूंनी मिळून झालेली इमारत किंवा वाहन त्यात येत नाही. वस्तूच्या भागांबद्दल मात्र सर्वसाधारण नियम दिलेला नाही. त्या त्या मंत्राचा मजकूरच वाचावा लागतो. 'नॉक' घ्या. पेटीला तीन कुलपं असली तर एकच उघडतं, आणि तो ठोका ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो, म्हणजे पहारेकरी जागे झालेच. 'मेंडिंग' एकच तडा किंवा फाट सांधतो, तीही फूटभराच्या आतली. साखळीची तुटलेली कडी चालते. 'हीट मेटल'ने अंगावरचं चिलखतही तापतं, पण 'शॅटर'ने अंगावरच्या वा हातातल्या वस्तूला इजा होत नाही. ही मर्यादा मला फार मोलाची वाटते. ती नसती तर जादूगार दर लढाईत शत्रूच्या ढाली आणि धनुष्यंच फोडत बसले असते. वरील प्रसंगात तलवारीची फक्त मूठ तापवायला खेळ चालवणारी नकार देते ती याच आधारावर : 'हीट मेटल'मध्ये निवडायची असते ती अख्खी वस्तू. — संपादक