नाताळ न पाळणारे पाद्री

वाचकहो, ‘नाताळ’ हा शब्द आपण अगदी घरचा असल्यासारखा वापरतो. शाळेला नाताळची सुटी पडते, मुंबईचा चाकरमानी नाताळात चार दिवस गावी येऊन जातो. पण हा शब्द मूळचा मराठी नाही, आणि इंग्रजी तर नाहीच नाही. तो आहे पोर्तुगीज. ‘नाताल’ म्हणजे जन्म, जन्माचा दिवस. पाव, चावी, बटाटा, काजू आणि आपला रत्नागिरीचा लाडका हापूस ज्या वाटेने आपल्या बोलीत शिरले, त्याच गोव्याच्या वाटेने नाताळ आला. ‘पाद्री’ हा शब्दही तिथलाच.

शब्द पोर्तुगीजांचा, आणि पुढे राज्य आले इंग्रजांचे. इंग्रजी अमलाबरोबर पाद्रीही आले. तेव्हा आपण सहज असे धरून चालतो की, बाणकोटला, हर्णैला, मुंबईला जे पहिले पाद्री उतरले, त्यांनी पहिल्याच डिसेंबरात मोठ्या थाटाने नाताळ साजरा केला असेल. दिवे लावले असतील, गोडधोड केले असेल. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. कोकणपट्टीत मराठी शिकून शाळा काढणारे जे पहिले तरुण मिशनरी आले, ते बहुतेक स्कॉटलंडचे आणि अमेरिकेचे. आणि या मंडळींच्या घरी नाताळ पाळण्याची चालच नव्हती!

हे कसे काय? सोळाव्या शतकात युरोपात ख्रिस्ती धर्मात मोठी सुधारणा झाली. सुधारकांतले जे फार कडवे होते, त्यांनी एकच कसोटी लावली : बायबलात जे सांगितले आहे तेवढे पाळायचे, बाकीचे टाकायचे. येशूच्या जन्माची कथा बायबलात आहे. पण जन्माची तारीख नाही, आणि तो दिवस पाळा अशी आज्ञाही नाही. मग २५ डिसेंबरचा सण कशाला? स्कॉटलंडच्या पार्लमेंटने १६४० साली नाताळची सुटीच रद्द केली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरविला. हा कायदा १६८१ साली उठला, परंतु मनातली चाल लवकर उठत नसते. मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळची सार्वजनिक सुटी सुरू झाली १८५६ साली, आणि स्कॉटलंडमध्ये तर १९५८ साली!

आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडेही एका घरी गौरी खड्यांच्या असतात, शेजारच्या घरी तेरड्याच्या, आणि तिसऱ्या घरी गौरी बसवीतच नाहीत. म्हणून तिसरे घर काही धर्म सोडलेले होत नाही. पण आपण बाहेरच्या माणसाकडे पाहतो तेव्हा ही गोष्ट विसरतो. ‘ख्रिस्ती’ म्हटले की सगळे एकसारखे, अशी आपली समजूत असते. आपल्याविषयी त्यांची समजूतही पुष्कळदा अशीच होती, हेही सांगितले पाहिजे.

आता एका डिसेंबरची हकीकत ऐका. साल १८१३, गाव मुंबई. गॉर्डन हॉल नावाचा २९ वर्षांचा अमेरिकन तरुण आणि सॅम्युअल नॉट नावाचा त्याचा २५ वर्षांचा सोबती. अमेरिकेने परदेशात धाडलेल्या मिशनऱ्यांच्या अगदी पहिल्या तुकडीतले हे दोघे. फेब्रुवारी १८१२ मध्ये ते मायदेशाहून निघाले. त्या काळी कंपनी सरकारला मिशनरी नको असत. धर्माच्या भानगडीने रयत बिघडली तर व्यापार आणि राज्य दोन्ही धोक्यात, असा कंपनीचा हिशोब. त्यात भर पडली ती इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात १८१२ सालीच जुंपलेल्या लढाईची. म्हणजे हे दोघे नको असलेले पाहुणे, आणि वर शत्रूच्या मुलखातले. कलकत्त्याला पाऊल टाकताच त्यांना परत जाण्याचा हुकूम झाला. ते तेथून निसटून ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत आले. हुकूम मागोमाग आलाच.

मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे स्वतः धर्मशील गृहस्थ. त्यांना या तरुणांविषयी सहानुभूती होती, पण वरचा हुकूम मोडता येईना. इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर बसवून देण्याची वेळ जवळ आली, तेव्हा हॉल आणि नॉट एका देशी तारवातून गुपचूप निघाले. सिंहलद्वीप गाठायचे असा बेत होता. नॉटची पत्नी आणि तान्हे मूल मुंबईतच राहिले. पण कोचीनला ते सापडले, आणि त्यांना मुंबईला परत आणण्यात आले. मग उजाडला डिसेंबर. जाण्याची तयारी झाली. तेव्हा हॉलने गव्हर्नरना एक शेवटचे पत्र लिहिले. सरकारची सत्ता आम्ही मानतो, परंतु देवाच्या कामासाठी आलेल्यांना घालवून देण्याचा जाब देवापुढे द्यावा लागेल, असा त्या पत्राचा रोख होता. नेपियन यांनी रवानगी थांबविली, आणि वरून नवा निर्णय येईपर्यंत या दोघांना राहू दिले. इंग्लंडच्या पार्लमेंटने त्याच साली कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना वाट मोकळी केली होती, त्यामुळे पुढे कायमची परवानगी मिळाली. शिक्षकांना ही १८१३ ची सनद चांगली ठाऊक आहे. हिंदी लोकांच्या शिक्षणासाठी दरसाल एक लाख रुपये राखून ठेवण्याची तरतूद याच सनदेतली.

तर असा तो नाताळाचा महिना. ना सण, ना मेजवानी. बांधलेले सामान सोडायचे, एवढाच काय तो आनंद.

हॉल पुढे तेरा वर्षेही जगला नाही. त्याने मराठी शिकून घेतली, शाळा काढल्या, बायबलच्या नव्या कराराच्या मराठी भाषांतरावर मेहनत केली. मार्च १८२६ मध्ये तो नाशिक-त्र्यंबककडे गेला असता तिकडे पटकीने थैमान मांडलेले. जवळची औषधे त्याने वाटून टाकली. परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीत मुक्काम असताना त्यालाच पटकीने गाठले, आणि २० मार्चला काही तासांत तो गेला. हिंदूंच्या देवाला देव न मानणाऱ्या या माणसाला शेवटचा आसरा मिळाला तो देवळाच्या ओसरीचा. ज्या मराठी नव्या करारासाठी तो राबला, तो त्याच साली छापून निघाला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोट आहे. १७५५–५६ च्या सुमारास, तुळाजी आंग्रे यांच्यावरील मोहिमेत, हा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यांनी त्याचे नाव ठेवले ‘फोर्ट व्हिक्टोरिया’. १८२२ पर्यंत दक्षिण कोकणचा कारभार येथूनच चाले. मग तो रत्नागिरीला आला. अंमलदार गेले, आणि दुसऱ्याच वर्षी तेथे स्कॉटिश मिशनरी आले. पुणे नुकतेच, १८१८ साली, जिंकलेले होते. तेथे पाद्री पाठवून लोकांची मने दुखवावीत हे सरकारला परवडणारे नव्हते. कोकणचा हा किनारा मात्र इंग्रजांच्या सवयीचा होता.

एडिंबरोच्या स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला माणूस डोनाल्ड मिचेल. १८२३ साली तो आला आणि त्याच साली वारला. वर्षही पुरे झाले नाही. त्याच्या मागोमाग जेम्स मिचेल, क्रॉफर्ड, कूपर, स्टीव्हन्सन अशी मंडळी आली. १८२७ साली आला रॉबर्ट नेस्बिट, चोविशीतला. १८२९ साली आले जॉन विल्सन, तेही चोविशीतलेच. सोबत पत्नी मार्गारेट. विल्सन पतिपत्नी मुंबईला उतरले आणि मराठी शिकण्यासाठी काही महिने हर्णैला येऊन राहिले. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने चालते तेच हे विल्सन. त्यांच्या मराठीचा पाया सुवर्णदुर्गासमोरच्या या किनाऱ्यावर घातला गेला.

डिसेंबरातले हर्णै डोळ्यांपुढे आणा. भाताची झोडणी आटोपलेली, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, वाल-कुळीथ वर आलेले, आणि आंब्याला कुठे कुठे मोहोर फुटू लागलेला. मार्गशीर्षातली दत्तजयंती याच सुमारास येते. बंदरात मचवे आणि पडाव लागलेले. विशी-पंचविशीतल्या त्या पोरांच्या देशात या दिवसांत बर्फ पडते आणि दुपारी तीन-चारलाच अंधारते. घरचे पत्र यायचे तर आफ्रिकेला वळसा घालून, चार-पाच महिन्यांनी. आईच्या आजारपणाची बातमी वाचावी, तोवर तिकडे काय झाले असेल कोण जाणे! सण नाही म्हणून आठवणही नाही, असे थोडेच असते?

बरे, ही मंडळी दिवसभर करीत काय? सकाळी शास्त्रीबुवांकडून मराठी शिकायची. छापील व्याकरणे नि कोश अगदी थोडे; मोल्सवर्थचा मोठा मराठी-इंग्रजी कोश निघाला तो १८३१ साली. म्हणून शब्द लोकांच्या तोंडून उचलायचे. बाजारात, घाटावर, देवळापुढे उभे राहून बोलायचे. लोकांनी शंका काढाव्यात, थट्टा करावी, वाद घालावा. आणि गावोगाव शाळा काढायच्या. शाळेतला शिक्षक बहुधा आपलाच पंतोजी. त्याच्या हाताखाली मुले मुळाक्षरे, उजळणी, हिशोब शिकत, आणि जोडीला ख्रिस्ती पुस्तके वाचीत. पाद्री अधूनमधून येऊन परीक्षा घेई. लोकांनी काय करावे? पोरे शाळेत धाडली, अक्षर-हिशोब घेतला आणि धर्म तेवढा ठेवला बाजूला. सुरुवातीच्या त्या वर्षांत येथे ख्रिस्ती झालेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पुढे मिशनचा मुक्काम हर्णै-बाणकोटहून हलला आणि मुंबई-पुण्याकडे वळला.

म्हणजे त्यांनी जे पेरायला आणले ते फारसे उगवले नाही, आणि सोबत जे आले ते रुजले. स्टीव्हन्सनने १८३३ साली मराठीचे व्याकरण छापले. मार्गारेट विल्सनने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ साली ती तिथेच वारली. अमेरिकन मिशनने १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू केले. बाबा पदमनजी, ज्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ साली निघाली, ते नेस्बिटचेच विद्यार्थी.

पण केवळ उपकाराचा पाढा वाचला तर तो इतिहास होत नाही. या कामाची दुसरी बाजू फार दुखरी आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय अवघे बाराच्या आसपास, तोही नेस्बिटकडे राहू लागला. बाप कोर्टात गेला. कोर्टाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. आता प्रश्न आला, पाद्र्याच्या घरी जेवलेल्या पोराला जातीत घ्यायचे की नाही? त्या वेळी पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी कंबर बांधली. पोंभुर्ले तेव्हा आपल्याच जिल्ह्यात मोडे. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावे, असे त्यांनी ठासून सांगितले. सनातन्यांनी त्यांच्यावर बहिष्काराची धमकी आणली, पण बाळशास्त्री मागे हटले नाहीत.

या प्रकरणात हर्णैचा नेस्बिट एका बाजूला आहे आणि कोकणचा बाळशास्त्री दुसऱ्या बाजूला. दोघेही विद्वान, दोघेही मराठीचे प्रेमी. नेस्बिटला वाटे, आपण एक जीव वाचवीत आहो. बापाला वाटे, आपले पोर हिरावले जात आहे. बाळशास्त्र्यांच्या ध्यानात आले की, आपल्या घराचे दार आतून बंद असेल, तर बाहेर गेलेल्याला आपणच परके करतो. या तिघांना नीट समजून घेतल्याशिवाय त्या काळाचा इतिहास शिकविता येणार नाही.

मग नाताळची कथा मराठीत सांगितली कोणी? ती सांगितली फार आधी, गोव्यात. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट, वयाच्या तिशीत, ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला उतरला. त्याच्या पंथाला नाताळ वर्ज्य नव्हता. त्याने आपल्या पुराणांची रीत पाहिली, ओवी आत्मसात केली, आणि १६१६ साली त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात येशूजन्माची कथाही आहे. गोव्याच्या चर्चमधून हा ग्रंथ वाचला जाई. मात्र त्याच गोव्यात, त्याच्या येण्याआधी थोडीच वर्षे, साष्टीतली देवळे पोर्तुगीजांनी पाडली होती, हेही याच पानावर लिहिले पाहिजे. छापला गेला तेव्हा हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत होता. छापील देवनागरी आवृत्ती निघायला १९५६ साल उजाडले. पुण्याच्या शांताराम बंडेलूंनी ती काढली.

शिक्षक बंधूंनो आणि भगिनींनो, नाताळच्या सुटीआधी वर्गात एक तास काढा. फळ्यावर ‘नाताळ’ लिहा आणि विचारा, हा शब्द कुठून आला? मग पाव, चावी, हापूस असे शब्द मुलेच सांगू लागतील. बाणकोट, हर्णै, पोंभुर्ले ही गावे नकाशावर दाखवा. कोणी बाणकोटच्या बाजूचा मुलगा असेल, तर त्याला किल्ल्याचे वर्णन करू द्या. आणि डोनाल्ड मिचेलचीही गोष्ट सांगा. तो सण पाळीत नव्हता, आणि आपल्या मुलखातला पहिला डिसेंबरही त्याला दिसला नाही. त्याचे मत आपल्याला पटो वा न पटो, हजारो कोसांवरून आलेला तो कोणाचा तरी तरुण मुलगा होता, एवढे मुलांना कळले तरी तो तास फुकट गेला नाही असे समजा.